लाकडी कड्याचे हातजाळे: पट्टी वाकवण्यापासून पिशवी ओवण्यापर्यंत

गळाला लागलेला मासा काठाशी आणला की दोरीचा ताण आणि माशाचे वजन एकाच जागी येते, आणि बहुतेक मोठे मासे याच क्षणी सुटतात. अशा वेळी मासा पाण्यातच खालून उचलून घेण्यासाठी आखूड मुठीचे, लंबगोल कड्याचे हातजाळे लागते. इंग्लंड-अमेरिकेत नदीत उभे राहून ट्राउट धरणाऱ्यांनी हा प्रकार रुळवला. तो हिमाचल-काश्मीरच्या ओढ्यांवर जितका उपयोगी आहे तितकाच आपल्या धरणांच्या काठी आणि कोकणातील खाड्यांत जिताडा किंवा तांबोशीसाठी खडकावर उभे राहणाऱ्यालाही उपयोगी आहे. बाजारात ॲल्युमिनियमची स्वस्त हातजाळी मिळतात. पण तीन पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेले लाकडी कडे हाताला हलके लागते, लवते आणि मोडले तर घरी दुरुस्त करता येते.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. अशा कड्याची ताकद लाकडाच्या जाडीत नसते. ती सलग रेषेत आणि चांगल्या बसलेल्या सांध्यात असते. नवशिक्या माणसाचा लाकडावर विश्वास बसत नाही म्हणून तो जाड पट्टी घेतो. ती वाकवताना तडकते, आणि तडकली नाही तरी जाळे इतके जड होते की ते घरीच राहते.

माप आणि लाकूड

या लेखात धरलेले माप मध्यम आहे. कड्याची आतील लांबी ४० सें.मी., रुंदी २८ सें.मी. आणि मूठ सुमारे २२ सें.मी. दोन-अडीच किलोपर्यंतच्या माशाला ते पुरते. खाडीतील मोठ्या जिताड्यासाठी कड्याची लांबी ५५ सें.मी.पर्यंत न्यावी आणि मूठही लांब ठेवावी. कृतीत मात्र काही बदलत नाही.

वरील मापासाठी १६५ सें.मी. लांब, २५ मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. जाड अशा तीन पट्ट्या लागतात. एखादी पट्टी वाकवताना जाणारच असे धरून पाच कापून घ्याव्यात. परदेशी कारागीर यासाठी ॲश नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात आणि मोठ्या शहरांतील आयात लाकडाच्या वखारीत ते मिळते. परंतु आपल्याकडे धामण असताना ॲशसाठी अडून बसण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या जंगलात वाढणारी धामण चिवटपणासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. धनुष्ये, कावडीचे दांडे आणि कुऱ्हाडीचे दांडे तिचेच होत. तुतीचे लाकूडही चांगले वाकते, म्हणून तर हॉकीच्या काठ्यांसाठी ते वापरले जाते. लाकूड वखारीतूनच घ्यावे, कारण जंगलातील झाड परवानगीशिवाय तोडणे गुन्हा आहे. सागवान टिकाऊ असले तरी या कामाला योग्य नाही. ते वाकताना लवकर तडकते आणि त्यातील तेलकटपणामुळे सांधा धरायला त्रास देतो. मुठीसाठी मात्र शिसव उत्तम, कारण तिला वाकवायचे नसते आणि तिचा काळपट रंग फिकट पट्ट्यांच्या मध्ये उठून दिसतो.

लाकूड निवडताना फळीच्या कडेवरून रेषा पाहाव्यात. रेषा पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात; मध्येच त्या तिरक्या होऊन कडेतून बाहेर पडत असतील, तर पट्टी नेमकी तिथेच मोडेल. फांदीचा डोळा असलेली पट्टी कितीही सुंदर दिसली तरी बाजूला ठेवावी. भट्टीत वाळवलेल्या लाकडापेक्षा सावलीत वाऱ्यावर वाळलेले लाकूड अधिक सहज वाकते, म्हणून वखारवाल्याला हे मुद्दाम विचारावे.

बांबू हा स्वस्त आणि चोख पर्याय आहे. माणगा किंवा मेस जातीच्या पक्व बांबूच्या चिरफळ्या काढून पेरांच्या आतील गाठी तासून सपाट कराव्यात. बाहेरची गुळगुळीत, चकाकणारी साल डिंक धरत नाही. जिथे सांधा येणार त्या बाजूने ती पूर्ण खरवडून काढली पाहिजे.

साचा

मोठ्या कागदाची मधोमध घडी घालून एका बाजूला अर्धा आकार काढावा आणि कागद दुमडलेलाच कापावा. उलगडल्यावर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात. वर लंबगोल, आणि त्याखाली दोन्ही बाजूंनी आत वळत जाऊन शेवटी समांतर होणारी मूठ असा हा आकार असतो. कड्याची बाजू मुठीकडे वळते तिथला उलटा बाक सौम्य ठेवावा. तिथे एकदम कोन आला तर पट्टी साच्याला टेकत नाही आणि पुढे त्या पोकळीत डिंक साचून राहतो.

हा आकार १८ मि.मी. प्लायवूडच्या दोन थरांवर उतरवून कापावा, दोन्ही थर स्क्रूने जोडावेत आणि कड मरफ्याने (लाकडाच्या खरबरीत कानशीने) घासून सलग करावी, कारण साच्यावरचा प्रत्येक खड्डा पुढे कड्यावर दिसतो. कडेपासून चार सें.मी. आत, दर सहा-सात सें.मी.वर अंगठ्याएवढे भोक पाडले की क्लॅम्पचा (पट्ट्या दाबून धरणाऱ्या शिकंजाचा) एक जबडा त्यात अडकवता येतो. साच्याच्या कडेला शेवटी खाकी चिकटपट्टी लावून घ्यावी, म्हणजे डिंक साच्याला धरणार नाही.

वाफवणे आणि वाकवणे

आपल्या आकारात कड्याच्या शेंड्याशी वळणाची त्रिज्या दहा सें.मी.च्या आसपास येते. ३ मि.मी. जाडीची कोरडी पट्टी तिथे कसाबसा ताण सहन करते किंवा मोडते. वाफ दिल्यावर ती सहज बसते. पट्ट्या रात्रभर पाण्यात भिजत घालाव्यात. वाफेसाठी दोन मीटर लांबीचा चार इंची पाइप किंवा फळ्यांची लांबट पेटी करून तिच्या एका टोकाला झाकणातून नळी काढलेल्या मोठ्या डब्यातील वाफ सोडावी. प्लास्टिकचा पाइप वाफेने मऊ पडतो, म्हणून त्याला खालून फळीचा आधार द्यावा. पाइपाला थोडा उतार असावा म्हणजे आतले पाणी निथळून जाईल, आणि दुसऱ्या टोकाला फक्त फडक्याचा सैल बोळा लावावा. दोन्ही टोके कधीही घट्ट बंद करू नयेत. आत दाब वाढून अपघात होऊ शकतो.

पाइपाच्या टोकातून वाफ जोरात येऊ लागल्यानंतर वेळ मोजायला सुरुवात करावी आणि पट्ट्या वीस ते पंचवीस मिनिटे आत ठेवाव्यात. दीर्घकाळ वाफवल्याने लाकूड अधिक मऊ होत नाही, उलट त्याचे तंतू सैल पडतात. हातात जाड मोजे घालून पट्टी बाहेर काढली की तिचा मध्य साच्याच्या शेंड्यावर टेकवून दोन्ही हातांनी एकाच वेळी, न थांबता खाली आणावी. यासाठी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ मिळत नाही, म्हणून क्लॅम्प उघडे करून हाताशी मांडलेले हवेत आणि शक्य असेल तर दुसरा माणूस जोडीला हवा. तिन्ही पट्ट्या एकावर एक घेऊन एकदमच वाकवल्या तरी चालते. फक्त कोणती आत आणि कोणती बाहेर याची पेन्सिलने खूण करावी.

क्लॅम्प कमी असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंदीचे लांब तुकडे कापून ते ताणून साच्याच्या भोकांतून गुंडाळत जावे. रबराचा दाब सर्वत्र सारखा पडतो, आणि वळणदार कामासाठी मला तो लोखंडी क्लॅम्पपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. उलट्या बाकापाशी मात्र लाकडाचा बाहेरून गोलसर ठोकळा लावून क्लॅम्पच हवा.

पट्ट्या साच्यावर दोन दिवस राहू द्याव्यात आणि मग काढून, टोके दोरीने बांधून, वाऱ्यावर वाळवाव्यात. सोडल्यावर त्या थोड्या उघडतात, त्याची काळजी करू नये. वाळल्या की नाही हे हाताला कळत नाही. स्वयंपाकघरातील काट्यावर रोज वजन करावे आणि लागोपाठ दोन-तीन दिवस वजन उतरले नाही की लाकूड तयार समजावे. पावसाळ्यात याला दुप्पट वेळ लागतो. किंबहुना डिंकाचे काम जून ते सप्टेंबर टाळलेलेच बरे.

मूठ आणि चिकटवणी

आता साचा लंबगोलाच्या तळाच्या कमानीवरून कापून मुठीचा भाग वेगळा करावा. हाच तुकडा शिसवीच्या २५ मि.मी. जाड फळीवर ठेवून आखायचा आणि त्या रेषेबाहेर थोडे राखून कापायचे. या ठोकळ्याची वरची कड आत वळलेली असते, कारण तीच पुढे कड्याचा तळ होणार. तिची दोन्ही टोके बारीक होत जाऊन पट्ट्यांच्या आतल्या अंगाला मिळतात. बाजू पट्टीला लावून उजेडाकडे धरून पाहाव्यात आणि फट दिसेल तिथे चपट्या कानशीने घासत जावे. पातळ कागद सरकणार नाही इतकी जवळीक आली की पुरे. सर्व कामात सर्वात जास्त वेळ या ठोकळ्याला द्यावा असे मी म्हणेन, कारण मासा उचलताना येणारा सगळा ताण शेवटी याच दोन टोकांवर येतो.

चिकटवण्यासाठी दोन भाग मिसळून करायचे, सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी घ्यावे. पाच मिनिटांत आवळणारा प्रकार या कामाला निरुपयोगी आहे. क्लॅम्प लावून होण्याआधीच तो दगड होतो. मिश्रण खोल पेल्यात ठेवले तर स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होते, म्हणून ते पसरट ताटलीत करावे, आणि एप्रिल-मे महिन्यांत हे काम सकाळी लवकर उरकावे. हातमोजे घालावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आधी डिंकाशिवाय सगळी जुळणी एकदा करून पाहावी. नंतर सांध्याच्या दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर लावून मुठीचा ठोकळा साच्याच्या खाली त्याच्या जागी ठेवावा, पट्ट्या चढवाव्यात आणि शेंड्यापासून सुरू करून दोन्ही बाजूंनी मुठीकडे आवळत यावे. सांध्यातून डिंकाची बारीक सलग रेघ बाहेर आली की दाब पुरेसा झाला. इपॉक्सी फार आवळले तर सगळे पिळून बाहेर पडते आणि सांधा कोरडा राहतो. पट्ट्या दाबाखाली वरखाली सरकतात. त्यांच्या कडा एका पातळीत आहेत हे शेवटी पुन्हा पाहावे आणि किमान चोवीस तास हात लावू नये.

तासणी, खाच आणि भोके

क्लॅम्प काढल्यावर बाहेर आलेला कडक डिंक आधी जुन्या पटाशीने किंवा खरवडणीने काढावा. त्यावर थेट रंधा चालवला तर पाते बोथट होते. मग दोन्ही अंगांनी रंधा मारून कड्याची रुंदी २२ मि.मी.वर आणावी. मुठीपाशी रेषांची दिशा बदलते, म्हणून तिथे रंधा दोन्हीकडून मध्याकडे न्यावा, नाहीतर लाकूड ओरखडून निघते. कडा गोलसर कराव्यात, मूठ आपल्या तळहाताच्या मापाने घासावी, आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून २४०पर्यंत क्रमाने जावे. शेवटच्या पेपरआधी ओले फडके फिरवून लाकूड वाळू द्यावे. बसलेले तंतू वर उठतात आणि ते घासून काढले की पुढे पाण्यात जाळे खरखरीत होत नाही.

कड्याच्या बाहेरच्या अंगावर मधोमध ३ मि.मी. रुंद आणि २ मि.मी. खोल खाच लागते. पिशवी ओवण्याचा दोरा त्यात दडतो आणि खडकावर घासून तुटत नाही. यासाठी वेगळे यंत्र नको. लाकडाच्या लहान ठोकळ्याला फट पाडून त्यात हॅकसॉच्या जुन्या पात्याचा तुकडा, टोक चौकोनी घासून, २ मि.मी. बाहेर राहील असा अडकवावा. ठोकळ्याचा एक ओठ कड्याच्या अंगाला टेकवून हे अवजार हलक्या हाताने ओढत राहिले की खाच हळूहळू सरळ उतरते. पहिल्या दहा-बारा ओढींत अजिबात जोर लावू नये. पाते एकदा रेषेबाहेर गेले की परत आत येत नाही.

आतल्या परिघाची लांबी सुमारे १०८ सें.मी. भरते. त्यावर दर साडेबावीस मि.मी.ला खूण केली की ४८ भोके येतात. कड्यावरची भोके खाचेतून आतल्या अंगाकडे, २.५ मि.मी. जाडीच्या ड्रिलने पाडावीत, आणि ड्रिल बाहेर येते तिथे टाकाऊ लाकूड धरावे म्हणजे काठ फुटत नाही. मुठीच्या कमानीत येणारी चार-पाच भोके मात्र कमानीच्या काठापासून ८ मि.मी. आत, वरून खाली आरपार पाडायची असतात.

लेप आत्ताच, पिशवी ओवण्याआधी द्यावा. बोटींसाठी मिळणारे वॉर्निश पातळ करून चार-पाच हात द्यावेत, दोन हातांमध्ये बारीक पेपर मारावा, आणि प्रत्येक भोकात काडीने वॉर्निश पोहोचवावे, कारण पाणी शिरते ते तिथूनच. कुणाला जवसाच्या उकळलेल्या तेलाची मऊ झळाळी आवडते. ती सुंदर असते, पण दरवर्षी पुन्हा द्यावी लागते. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत; ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

पिशवी विणणे

जाळ्याच्या एकेका घराला आस म्हणतात. ४८ भोके आणि प्रत्येक भोकात दोन आस, म्हणजे सुरुवातीला ९६ आस लागतात. १२ मि.मी. रुंदीची गुळगुळीत मापपट्टी, जाळे विणायची सुई आणि सुमारे पाऊण मि.मी. जाडीचा पिळाचा नायलॉन दोरा घ्यावा. ही पट्टी वापरली की ताणलेला आस २४ मि.मी. होतो. दोरीच्या एका वेढ्यावर ९६ फास पट्टीच्या मापाने घालून घ्यावेत, वेढा खिळ्याला अडकवावा आणि गोल विणायला सुरुवात करावी.

गाठ अशी बसते. दोरा पट्टीच्या पुढून खाली आणि मागून वर घ्यायचा, सुई वरच्या आसातून मागून पुढे काढायची आणि आसाचा तळ पट्टीच्या वरच्या काठाला टेकेपर्यंत दोरा खाली ओढायचा. तिथे डाव्या अंगठ्याने तो घट्ट दाबून ठेवून उरलेल्या दोऱ्याचा सैल फेरा डावीकडे वर टाकायचा, सुई आसाच्या दोन्ही पायांमागून उजवीकडून डावीकडे नेऊन त्या फेऱ्यातून बाहेर काढायची आणि खाली ओढायची. अंगठा आधी उचलला तर गाठ आसाच्या खाली घसरते. ती दिसायला बरोबर दिसते, पण ओढल्यावर सरकते. म्हणून प्रत्येक फेऱ्यानंतर जाळे दोन्ही हातांनी ताणून तपासावे.

पहिले चौदा फेरे सरळ विणावेत. पुढे घट सुरू होते. पंधराव्या फेऱ्यात सहा आस एकेक घेऊन पुढचे दोन एकत्र घ्यावेत, असे बारा वेळा केले की ८४ आस उरतात. दोन फेरे सरळ विणून पुन्हा घट करावी, या वेळी पाच एकेक आणि दोन एकत्र. असेच चार, तीन, दोन आणि एक या क्रमाने जात जात ७२, ६०, ४८, ३६ आणि २४ वर यावे. शेवटच्या २४ आसांतून दुहेरी दोरा ओवून तोंड आवळावे. पिशवी ३० सें.मी.च्या आसपास खोल होते. याहून खोल करू नये. खोल पिशवीत मासा गुंडाळला जातो आणि त्याचे कल्ले व पर दोऱ्यात अडकतात.

मासा परत पाण्यात सोडायचा असेल, तर गाठींची पिशवी मुळातच टाळावी. गाठींमुळे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, खवले आणि पर दुखावतात. इंग्लंडमध्ये तर गाठींची जाळी लावलेले हातजाळे गळाच्या मासेमारीत वापरण्यास नियमानेच मनाई आहे. महसीरसारखा मासा सोडूनच देणाऱ्यांनी बिनगाठीची किंवा रबरी तयार पिशवी आणून याच कड्यावर ओवावी. घरी नेऊन कालवण करायचे असेल, तेव्हा हाताने विणलेली पिशवी बेलाशक लावावी.

ओवणे

सुमारे १ मि.मी. जाडीचा, मेण चोळलेला नायलॉन दोरा कड्याच्या परिघाच्या तिप्पट लांब घ्यावा. विणताना वापरलेला वेढा तूर्त काढू नये. त्याच्यामुळे आस क्रमाने हाताशी येतात. मुठीच्या एका बाजूने सुरुवात करून दोरा खाचेतून पहिल्या भोकात आत घ्यावा, दोन आसांतून फिरवून त्याच भोकातून बाहेर आणावा, खाचेतून पुढच्या भोकाकडे न्यावा. दर दहा भोकांनंतर दोरा मागून ओढून सैलपणा काढावा. कमानीतील आरपार भोकांत तोच दोरा वरून खाली घालून काठावरून परत आणायचा. पूर्ण फेरी झाली की दोन टोकांची गाठ खाचेतच मारून तिच्यावर वॉर्निशचा थेंब टाकावा आणि वेढा कापून काढावा.

मुठीच्या टोकाला भोक पाडून चामड्याची किंवा दोरीची वादी लावली की जाळे पाठीवर अडकवता येते.

जपानची दुसरी वाट

पट्ट्या आणि डिंक यांचा खटाटोप नको असणाऱ्यांनी जपानी पद्धत लक्षात घ्यावी. तिथे आयू मासा पकडणारे लोक ज्या हातजाळ्याला तामो म्हणतात, त्यासाठी काया नावाच्या सूचिपर्णी झाडाचा असा तुकडा शोधतात की ज्याला समोरासमोर दोन सारख्या फांद्या फुटलेल्या आहेत. मधले खोड मूठ होते. दोन्ही फांद्या ओल्या असताना गोल वाकवून बांधून ठेवतात, सावकाश वाळू देतात आणि टोके तिरकी कापून एकमेकांवर जोडतात. एकच सांधा, तोही शेंड्याला. अशा जोडफांद्या असलेला तुकडा हाती लागणे हेच या पद्धतीतील मोठे काम आहे.

निगा

खाडीच्या पाण्यात वापरलेले जाळे त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगावे. भिंतीला टेकवून ठेवले तर कडे हळूहळू एका बाजूला कलते. पावसाळ्याआधी एकदा उजेडात धरून सांध्यांच्या रेषा नखाने तपासाव्यात. कुठे केसाएवढी फट दिसली, तर ती पूर्ण वाळू देऊन पातळ इपॉक्सी कागदाच्या कडेने आत सरकवावे, वर चिकटपट्टी आणि ट्यूबचा वेढा घट्ट बांधावा, आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच भाग घासून वॉर्निशचे दोन हात द्यावेत.